डावा पाय

आयर्लंडमधल्या एनिस गावच्या मैदानावर पाऊस पडत नव्हता, नुसता हवेत उभा होता. शर्वाणीने फेकलेला भाला वाऱ्याने उजवीकडे सरकला आणि कुंपणालगत चाललेल्या एका उंच मुलाच्या पुढ्यात रुतला.

"सॉरी! यू ग्रँड?" ठीक आहेस ना, असं तिथल्या इंग्लिशमध्ये विचारत ती धावत आली.

"आई गं..." तो पुटपुटला.

"अय्या! मराठी?"

"घाबरलो की मराठी. एरवी इंग्लिश."

तो राजस. वडिलांना जवळच्या शॅननला नोकरी लागली म्हणून नागपूरहून आलेला, शर्वाणीच्याच शाळेत शेवटच्या वर्षाला. दोघंही अठराची. शर्वाणी इथेच वाढलेली. तिची आई वासंती गावातल्या हॉस्पिटलात डॉक्टर. घराबाहेर शर्वाणी कधी मराठी बोलायची नाही. त्या सप्टेंबरपासून बोलायला लागली.

शर्वाणीला अमेरिकेत जायचं होतं. पश्चिम किनाऱ्यावरच्या एका कॉलेजच्या संघात भालाफेकीची एकच जागा उरली होती. ती मिळाली तर शिक्षण तिथेच, आणि कॉलेजच्या खर्चाने. तिथल्या कोचबाई काही एनिसला येणार नव्हत्या. त्या व्हिडिओ मागवायच्या. म्हणून राजस रोज सराव संपेपर्यंत फोन धरून उभा राहायचा.

"हात दुखत नाही?"

"दुखतो."

"मग?"

"मग काय... दुसऱ्या हाताने धरतो."

ती ओले केस मागे सारत हसायची. तो फोनची काच पुसत बसायचा – काच स्वच्छच असायची.

ऑक्टोबरातल्या एका गुरुवारी कोचबाईंचा मेल आला. शाळेच्या व्हरांड्यात शर्वाणीने तो राजसला वाचून दाखवला, मराठीत, कोणाला कळू नये म्हणून.

"जागेसाठी आणखी एक मुलगी आहे. उद्या शुक्रवार संपायच्या आत नवा व्हिडिओ पाठव. शेवटच्या पावलाला डावा पाय कसा रोवतेस, त्यावर मी ठरवणार, आणि आजवरच्या एकाही व्हिडिओत तो पाय दिसत नाही. तुझा कॅमेरावाला फक्त तुझा चेहरा का काढतो, ते त्याला विचार." तिने मान वर केली. "विचारतेय."

राजसचे कान लाल झाले. "सुरुवातीला असतो की पाय."

"आणि मग?"

"मग तू पळायला लागतेस... ओठ दाताखाली धरतेस... फोन आपोआप वर जातो."

"आपोआप!"

"मुद्दाम नाही गं."

"मुद्दाम असतं तर बरं झालं असतं. भांडता तरी आलं असतं." ती हसली नाही. "माझी जागा जाईल, राजस."

शुक्रवारी शाळा सुटल्यावर दोघं भाला घ्यायला तिच्या घरी आली. आणि दारातच थबकली. खंडेनवमी! देवघरापुढे लाल कापडावर स्टेथोस्कोप, सुरी, लॅपटॉप, आणि त्यांच्यामागे भिंतीला टेकवून शर्वाणीचा भाला. टोकाला हळदकुंकू, वर फूल. आज हत्यारांनी विसावा घ्यायचा. दसऱ्याच्या सकाळी अक्षता वाहून आई ती हलवेपर्यंत त्यांना कोणी हात लावत नाही.

"स्टेथोस्कोप इथे... मग काकू आज पेशंट तपासतात कशाने?"

"तिच्याकडे दुसरा आहे. माझा भाला एकच." शर्वाणीने हात पुढे केला. "परत तसाच ठेवीन. आईला कळणारसुद्धा नाही."

"नको."

"तू कधीपासून एवढा देवभोळा?"

"तुला कळेल ना. फेकताना तेच मनात येईल. मग पाय कसला रोवतेस?" त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. "तिकडचं घड्याळ किती मागे आहे?"

"आठ तास."

"म्हणजे उद्या इथे उजाडेल तेव्हा तिकडे शुक्रवारच असेल."

शर्वाणी त्याच्याकडे बघत राहिली. तो गप्प बसला असता तर ती जागा कदाचित गेली असती, आणि ती इथेच राहिली असती. हे दोघांनाही कळलं.

दसऱ्याला वासंतीने अंधारातच पूजा आटोपली, अक्षता वाहून भाला हलवला आणि लेकीच्या हातात दिला. "नीट टाक," एवढंच म्हणाली.

मैदानावर करडा उजेड होता. राजस ओल्या गवतावर पालथा झोपला, फोन जमिनीला टेकवून. शर्वाणी धावली. पाय रोवला, भाला सुटला... दूर कुठेतरी गाय हंबरली.

तिने व्हिडिओ बघितला. गवत, चिखल, बूट. डावा पाय अगदी खिळल्यासारखा.

"मी कुठे आहे यात?"

"कोचबाईंना पाय हवा होता."

"आणि तुला?"

राजस उठून बसला. पुढून पार भिजलेला. "मला तू हवी आहेस," तो म्हणाला. "म्हणून तर डोळे मिटून घेतले."

"डोळे मिटून काढलास?"

"उघडे असते तर फोन वर गेला असता."

शर्वाणीने व्हिडिओ पाठवला. दोघं कुंपणाशी उभी राहिली. तिथल्या बर्चची पानं पिवळी पडली होती. थोड्याच वेळात फोन थरथरला. कोचबाई जाग्याच होत्या – "पाय दिसला. जागा तुझी. आता मला झोपू दे."

तिने फोन त्याच्यापुढे धरला. त्याने वाचलं, मान हलवली, बर्चचं एक पान खुडलं आणि तिच्यासमोर धरलं.

"सोनं घे. आपटा नाही मिळत इथे." तो म्हणाला. "आज सीमोल्लंघन. दिवस बरा गाठलास."

"चार वर्षं, राजस. थांब म्हणणार नाही मी."

"नको म्हणूस. थांब म्हणून सांगावं लागणाऱ्यातला नाही मी."

तिने पान घेतलं. पानासकट त्याचा गार, चिखलाने माखलेला हातही घेतला, आणि सोडला नाही.

"निघायचं ऑगस्टला, अजून वेळ आहे," ती म्हणाली. "तोवर... डोळे उघडे ठेव."