या एकदा पनवेलला

मे महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी मिताली चिकू आणायला खाली उतरली. खरं तर त्या उन्हात रोडपालीत कुत्रंसुद्धा रस्ता ओलांडत नव्हतं. पण डॉक्टरांनी बजावलं होतं, पोरीच्या पोटात काहीतरी फळ जाऊ दे. पोर म्हणजे इरा. वय अडीच, आणि अन्नाशी जन्माचं वैर. आठवडाभर आणून ठेवलेली सफरचंदं फ्रिजमध्ये म्हातारी होत होती, म्हणून आता चिकूंवर भिस्त.

घामाघूम होऊन ती वर आली तेव्हा सुशांत सोफ्यावर तोंड उघडं टाकून घोरत होता. राखणदार बसवला होता तो असा. इरा मात्र खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीपाशी मांडी घालून बसली होती आणि सफरचंदाची शेवटची फोड चघळत होती. समोर ताटलीत साल पडलं होतं. एकच लांबलचक वेटोळं, कुठेही न तुटलेलं.

मितालीने चिकूंची पिशवी तशीच खाली ठेवली. या घरात असं साल कोणाला काढता येत नव्हतं. सुशांत सोलायला बसला की निम्मं सफरचंद सालाबरोबर जायचं.

"इरू, कोणी दिलं गं सफरचंद?"

"आजोबांनी," इरा म्हणाली, आणि खुर्चीकडे बघून हसली.

इराचे एक आजोबा सांगलीला होते आणि दुसरे भिंतीवर. भिंतीवरच्यांनी हयातीत कधी पाण्याचा पेलाही जागेवरून हलवला नव्हता. ते फळं सोलायला खाली उतरतील, ही शक्यताच नव्हती.

खुर्ची रिकामी होती. पण तिच्या आसपास एक वास रेंगाळत होता. ओल्या लोकरीचा, आणि त्याच्या मागून लाकडाच्या धुराचा. मे महिन्यात, पनवेलात, ओली लोकर! मितालीच्या अंगावर काटा आला. तो वास तिच्या ओळखीचा होता आणि ते सालही.

त्यासाठी पाच वर्षं मागे जायला हवं.

लग्नानंतर दोघं हिमाचलात गेली होती. चंब्याच्या वरच्या अंगाला, देवदारांच्या रानात एक जुनं रेस्ट हाऊस होतं. वस्तीला ही दोघंच, आणि सांभाळायला बेलीराम नावाचा म्हातारा. अंगात जाड लोकरीचा कोट, हातात काठी. रोज फिरून परतताना बस थांबली की तो पुढे व्हायचा, यांची बॅग उचलायचा आणि म्हणायचा, "सामान आगे जाएगा. आप आराम से आइये." ही दोघं धापा टाकत वर पोचायची तेव्हा खोलीत शेकोटी पेटलेली, चहा तयार, आणि टेबलावर सोललेली सफरचंदं. साल बाजूला, एकसंध वेटोळ्यात. रात्री रजईत शिरावं तर पायाशी गरम पाण्याची पिशवी. कधी ठेवून गेला ते कळायचंही नाही. मितालीला वाटायचं, आपल्या वडिलांनीही आपले इतके लाड केले नाहीत.

आणि निघताना सुशांतने घात केला. त्याला हे दुखणं जुनंच. गाडीत शेजारी बसलेला माणूस असो की लग्नातला फोटोग्राफर, निरोप घेताना हा छातीवर हात ठेवून म्हणणारच, "या एकदा पनवेलला!" आपल्याकडे असं म्हणायची रीत आहे. ऐकणाऱ्याने "येऊ की" म्हणून विसरून जायचं, ही त्याहून जुनी रीत. पण ती सगळ्यांनाच कुठे ठाऊक असते? त्याच सहलीतला चंदीगडचा टॅक्सीवाला पुढच्या दिवाळीत बायको, मेहुणी आणि लोणच्याची बरणी घेऊन खरोखर दारात उभा राहिला, तो भाऊबीज उरकूनच गेला.

बेलीरामलाही सुशांतने आपल्या दिव्य हिंदीत आमंत्रण दिलं होतं. "एक बार आने का हं पनवेल को! कळंबोली सर्कल से रोडपाली, तलाव के सामने. किसी को भी पूछो." म्हातारा कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत राहिला. मग हात जोडून म्हणाला, "सब बोलते हैं, साहब. पर पता आज तक किसी ने नहीं बताया. आपके घर बच्चा होगा, तब आएँगे. फिर आपको भी आना पड़ेगा."

तेव्हा मितालीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आता तिने इराला उचलून खुर्चीपासून लांब नेलं.

सुशांतला उठवून तिने साल दाखवलं. त्याने ते डोळे चोळत पाहिलं आणि म्हणाला, "मीच काढलं असेल झोपेत." जागेपणी जमत नाही ते हा झोपेत करणार होता. मितालीने वाद घातला नाही. पण सोमवारी ती ऑफिसातून आली तर दारातच सखूबाई पदर खोचून उभी. सखूबाई जासई गावची. दिवसभर इराला सांभाळायची.

"ताई, घरी पावना येनार हाय तं आमाला सांगाचं नाय का?"

"कोण पाहुणा?"

"आता कोन म्हंजे! तो म्हातारा. आज दुपारभर त्या खुर्चीत बसलेला. एवढ्या उन्हात कोट घालून. च्या विचारला तं नुसता हात जोडतो. बोलत नाय, चालत नाय. तुमच्या माहेरचा हाय का?"

"दार... दार कोणी उघडलं त्यांना?"

सखूबाईने जरा विचार केला. "मी तं नाय उघडला," ती म्हणाली, आणि चपला पायात सरकवून निघून गेली. जाताना मात्र खुर्चीकडे पाठ करायची तिने टाळलं. दुसऱ्या दिवशी ती कामावर आली, पण खुर्चीपासून लांबच राहिली.

त्या संध्याकाळी सुशांतने रेस्ट हाऊसचा नंबर शोधून फोन लावला. पलीकडून कोणा तरुणाचा आवाज आला.

"बेलीरामजी? वो तो गुज़र गए, साहब."

"अरेरे. कब?"

मितालीने झडप घालून फोन बंद केला.

"अगं, सांगत होता ना तो!"

"नको मला ती तारीख. आपण गेलो होतो त्याच्या आधीची निघाली तर? मग तो चहा कोणी केला? ती गरम पिशवी रोज रात्री रजईत कोण ठेवून जायचं? मला नाही कळून घ्यायचं, सुशांत. माझा हनिमून आहे तो!"

सुशांतने तो नंबर फोनमधून पुसून टाकला. तोही त्या रजईत होताच.

दोघांनी घर सोडून पळून जायला हवं होतं, असं कोणी म्हणेल. म्हणणाऱ्याने अडीच वर्षांचं मूल भरवून पाहावं. इरा आता वरणभात खात होती. भेंडी खात होती. एके दिवशी तर तिने कारल्याची काचरी मागून घेतली. दुपारी निजायची, रात्री सलग निजायची. लिफ्टमध्ये भेटणाऱ्या शेजारच्या नीताने विचारलं, "कोणता डॉक्टर गं तुमचा?" मिताली काय सांगणार? भीती वाटत नव्हती असं नाही. पण अडीच वर्षं झोपेला मुकलेल्या बाईची भीतीसुद्धा जांभया देत असते. चौथ्या दिवशी तिने कपभर चहा करून गुपचूप खुर्चीशेजारी ठेवला. आल्याचा.

शुक्रवारी ती घरी आली तेव्हा इराने आपली गुलाबी बॅग भरलेली होती. कपाटाच्या तळातून स्वेटर ओढून काढून त्यात कोंबला होता. वर कानटोपी.

"कुठे निघाली स्वारी?" मितालीने हसत विचारलं.

"आजोबांकडे. तिथे थंडी आहे."

"कोण म्हणालं?"

"आजोबा. ते आपल्याकडे आले ना? आता आपण त्यांच्याकडे."

मितालीने बॅग बाजूला सारली. चहा, सफरचंदं, शांत झोप, सगळ्याचा तिला एका क्षणात तिटकारा आला. आपण आळसापायी आपलं लेकरू कोणाच्या हाती सोपवलं होतं! तिने इराला पोटाशी इतकं घट्ट धरलं की पोर कुरकुरली. मग तिने सासूबाईंना फोन केला.

वसुंधराबाई ठाण्याला राहत. पाहुण्याला मुळीच न दुखावता घराबाहेर कसं काढावं, या विद्येत त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. चंदीगडच्या मंडळींनाही शेवटी त्यांनीच हलवलं होतं. त्या रविवारी आल्या, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मांत्रिक-बिंत्रिक काही नको. आपण बोलावलंय, तेव्हा हाकलता येणार नाही. पाठवणी करायची. नीट जेवू घालायचं, शाल-नारळ द्यायचा. मानाने आलेला माणूस मानानेच उठतो. आणि सुशांत, तू तोंड उघडायचं नाहीस."

"पण त्यांना मराठी येत नाही, आई."

"बरं. मी सांगेन तेवढंच बोल."

तिन्हीसांजेला खुर्चीपुढे पाट मांडला. पुरणपोळीचं ताट वाढलं. वसुंधराबाईंनी देवापुढे समई लावली, आणि तेवढ्यात वीज गेली. पंखा घरघरत मंदावला आणि थांबला. खाली रस्त्यावर कंटेनरवाल्यांचे हॉर्न चालू होते, तेही हळूहळू कुठेतरी लांब गेल्यासारखे झाले. उकाड्याने जीव नकोसा व्हायला हवा होता. पण मितालीच्या पावलांना फरशी गार लागली. वास येऊ लागला... लोकरीचा, धुराचा. वेताची खुर्ची करकरली, भार पडल्यावर करकरते तशी.

इरा बॅग पाठीला लावून, बूट घालून, खुर्चीशेजारी उभी होती.

वसुंधराबाईंनी घसा साफ केला. आवाज जरा कापरा होता, पण प्रश्न ठेवणीतला होता.

"मग... गाडी किती वाजताची?"

"आई पूछ रही है," सुशांत कुजबुजला, "आपकी गाड़ी कितने बजे की है?"

खुर्चीतून एक खोल, जुनाट खोकला तेवढा आला.

"उन्हाळा फार आहे इथे. तुम्हाला नाही सोसायचा. तिकडे घरचे वाट बघत असतील."

"गर्मी बहुत है. घर के लोग राह देखते होंगे."

"आजोबा म्हणतात, कोणीच नाही," इरा म्हणाली. मग तिने मान वर करून काहीतरी ऐकलं. "आई, आजोबा म्हणतात, चल."

मितालीने पुढे होऊन तिचा हात धरला. इराचा दुसरा हात हवेत उंचावलेला होता, बोटं कोणीतरी धरल्यासारखी मिटलेली. त्या हातावरून थंडी मितालीच्या हातापर्यंत आली.

"बेलीरामजी," ती म्हणाली. "आपने बहुत किया. हमारा भी, इसका भी. लेकिन बच्ची छोटी है..." हिंदी तिथेच संपली. "तिला नाही पाठवणार मी. माझा जीव आहे ती. तुम्ही एकटे आहात, कळतंय मला. वाईट वाटतंय. पण नाही पाठवणार..."

सुशांतने याचं भाषांतर केलं नाही. गरजही नव्हती. समईची ज्योत बारीक झाली. मग खुर्ची पुन्हा करकरली, या खेपेस भार उतरल्यासारखी. इराची मिटलेली बोटं उघडली. काठीचा आवाज फरशीवरून दाराकडे निघाला... टक... टक...

मितालीचं सगळं लक्ष आता नवऱ्याच्या तोंडाकडे होतं. निरोपाची वेळ म्हणजे याचा धोक्याचा काळ. सुशांतने छातीवर हात ठेवून "या ए..." इतकं म्हटलंच, तोच तिने एका हाताने इराला कमरेशी दाबलं आणि दुसऱ्या हाताने त्याचं तोंड गच्च बंद केलं. अगदी वेळेवर. ती अशी त्याच्या तोंडावर पहारा देत असताना मागून सासूबाई लगबगीने स्वयंपाकघरातून आल्या आणि दाराशी पोचल्या.

"थांबा हो, असं कोरडं नाही जायचं!"

दार आपोआप उघडलं, आपोआप लागलं. आणि वीज आली.

पंखा गरगरला. खालचे हॉर्न पुन्हा जवळ आले. उकाडा भरभरून घरात शिरला आणि तिघांनाही तो इतका गोड वाटला की सुशांत हसायलाच लागला. "गेले! आई, मानलं तुला." मितालीला रडू फुटलं. ती डोळे पुसत असताना तिची नजर सासूबाईंच्या हातातल्या चमच्यावर पडली.

"आई... हे काय?"

"दही. निघणाऱ्याच्या हातावर ठेवलं." वसुंधराबाईंनी चमचा उलटा करून पाहिला. पुसल्यासारखा लख्ख होता. खाली फरशीवर थेंबही नव्हता.

"दही कशाला दिलंत? दही सुखरूप परत यावं म्हणून देतात ना!"

वसुंधराबाईंनी कपाळाला हात लावला. "अगं बाई! सवय गं मेली. चाळीस वर्षांची सवय..."

तेवढ्यात चाटण्याचा आवाज ऐकू आला. मचमच, समाधानाचा. इरा फरशीवर बसून आपला तळहात चाटत होती. तळहातावर पांढरंशुभ्र दही होतं.

"तुला कोणी दिलं?" मितालीने विचारलं.

"आजोबांनी. अर्धं त्यांचं, अर्धं माझं."

तेव्हा मितालीच्या ध्यानात आलं की इराच्या पाठीवर बॅग नाही. खुर्चीपाशी नव्हती, दारापाशी नव्हती, सोफ्याखालीही नव्हती. सुशांतने जिना उतरून तळमजल्यापर्यंत पाहिलं. गुलाबी बॅग, स्वेटर, कानटोपी, काही म्हणजे काही नाही.

इराने तळहात फ्रॉकला पुसला आणि आईकडे बघून हसली.

"आजोबा म्हणाले, सामान पुढे गेलं. सावकाश या."