अर्धा उंडा

येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावस्येला, खटकचिंचोळीत घरी कुणी थांबत नाही. सगळं गाव शिवारात, कडब्याच्या कोपीपुढं पंगती. वाटेनं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून जेवायला बसवायचं, ही रीत. गावच्या शाळेतली मास्तरीण रेणुका मात्र एक पान जास्त वाढते: मिसळ भाज्यांची भज्जी, आंबील, बाजरीचा उकडलेला गोळा म्हणजे उंडा. दिवस कलला की ते तुरीच्या बांधावर ठेवून येते.

"अजून कुणाची वाट बघायलीस गं?" आई, कमलबाई, दरवर्षी विचारते.

"कुणाची न्हाई, अव्वा."

कलबुर्गीच्या कॉलेजात होती तेव्हाची गोष्ट. ओठांवर, बोटांवर कोड. कोड लागत नाही हे पेपरात लिहून मार्क घेणाऱ्या पोरींनीच कँटीनमधल्या तिच्या ताटाला लाल रंगाची खूण करून ठेवली होती. येळवशीच्या दुसऱ्या दिवशी तिनं गावाहून डबा आणला.

"ठेव तिकडं, कुत्र्याला होईल," वर्गातली सौम्या म्हणाली. बाकीच्या हसल्या.

तेव्हा कोपऱ्यातून शरणबसव उठला. मादन हिप्परग्याचा, कुणाशी न बोलणारा पोरगा. तो तिच्यासमोर बसला आणि खुणेचं ताट पुढं ओढलं.

"वाढ की. येळवशीचं हाय."

"लागतंय म्हनतेत..."

"लागू दे."

उंडा मोडून त्यानं अर्धा खाल्ला, अर्धा तिला ठेवला. पुढं वर्षभर तसंच. कडुलिंबाखाली, एका डब्यात. त्याच्या अंगाला भिजलेल्या घोंगडीसारखा वास यायचा. तो वास तिला आवडायला लागला होता. अमावस्येला तेवढा तो दिसत नसे.

"कुठं जातोस रे?"

"इथंच असतो. तुला दिसत न्हाई."

पुढच्या येळवशीला ती संध्याकाळीच परतली. बसथांब्यापासून कॉलेजपर्यंत दोन्ही बाजूंनी तूर. सौम्याचा भाऊ सिद्धराम दोन पोरं घेऊन, मोटारसायकल आडवी लावून उभा होता.

"ओढणी काढ तोंडावरची. बघू, किती पसरलंय."

तिनं डबा छातीशी धरला. लांबची कुत्री भुंकायची थांबली... वारा नव्हता, तरी तुरीच्या शेंगा खुळखुळल्या. मग तो वास आला, भिजलेल्या घोंगडीचा.

लांडगा सावकाश बाहेर आला. तिच्याकडं पाठ, पोरांकडं तोंड. गुरगुरलासुद्धा नाही. पोरं गाडी टाकून पळाली. तिच्या हातून डबा पडला. त्यानं उंडा पायाखाली दाबून मोडला, अर्धा खाल्ला, अर्धा तिच्या पायाशी सरकवला.

त्याच्या ओठांवर पांढरे डाग होते. तिच्यासारखेच.

शरणबसव पुन्हा कॉलेजात आला नाही. लांडग्यासाठी माणसं बंदुका घेऊन तुरीत हिंडली. पोरीची वाट अडवणाऱ्यांना कुणी साधं बोलावूनही घेतलं नाही.

यंदा शाळेला नवे मुख्याध्यापक आले, पांडुरंगराव. चांगले शिकलेले. आल्या आल्या त्यांनी रेणुकाचा स्टीलचा ग्लास वेगळा केला. लाल खूण करून तो आपल्या कपाटात ठेवला आणि कपाटाची किल्ली कमरेला. तहान लागली की मागायचा. घरी ती काही बोलली नाही. काल पानासाठी बांध झाडताना तेवढी पुटपुटली, "परत तसंच चालू झालंय रे..."

आज अंधारताना येळवशीच्या रीतीनं शिवारात टेंभे पेटले. माणसं पेटत्या पेंढ्या घेऊन शेताभोवती फिरायला लागली. त्या उजेडात ती बांधावर गेली. पान चाटूनपुसून साफ. अर्धा उंडा तिच्यासाठी ठेवलेला. तिचे डोळे भरून आले. तिनं उंडा उचलला.

खाली तिचा ग्लास होता, दातांनी चेपलेला. त्यावर लाल खूण एकच असायची. आता दोन होत्या, आणि दुसरी ओली होती.