तरंगणाऱ्या पेशी

"ओतून दिल्या?... सगळ्या?"

लॅबमध्ये तिला सगळे ठिणगीच म्हणायचे. तिनं रिकामी प्लेट नव्या संशोधकाच्या नाकासमोर धरली. तो सोमवारीच इथे रुजू झाला होता, आणि ही त्यांची पहिली भेट!

"मीडियम, म्हणजे पेशींचं पोषक पाणी, पिवळं पडलं होतं... म्हटलं, बदलून मदत करावी. पेशी तळाला चिकटलेल्याच असतात ना—"

"तुमच्या असतील! तुमच्या त्या जन्मजात प्रतिकारशक्तीच्या पहारेकरी पेशी बसतात बूड टेकून. माझ्या टी-पेशी तरंगतात. तरंगतात हो!"

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. जनुकं चालू-बंद करणारं एक प्रथिन तिनं जिवापाड खपून त्या पेशींतून काढून टाकलं होतं. ते नसलं की टी-पेशी जुना जंतू विसरतात, हे तिला दाखवायचं होतं. महिनाअखेर जमलं नाही, तर लॅबचे प्रमुख सर विषयच दुसऱ्याला देणार होते. आणि ह्या शहाण्यानं सगळं सिंकमध्ये ओतलं!

"गंमत म्हणजे," तो चाचरला, "तुम्ही काढलेलं तेच प्रथिन माझ्या पेशींना जंतू दिसताच नुसती आरडाओरड करायला लावतं—"

"गंमत?" ती अहो-जाहोवरून थेट अरे-तुरेवर आली. "नीघ तू इथून!"

दुसऱ्या दिवशी तो बाही वर करून दारात उभा. "नव्या पेशींसाठी रक्त लागेल ना? माझं घे."

"रक्त दिलं की माफी मिळते, असं वाटतं?"

"नाही. पण पेशी तर मिळतील..."

तिला हसू आलं. ह्या मेल्यावर रागावणंही धड जमेना, म्हणून ती आणखीच चिडली.

मग तो रोज शेजारी बसू लागला, विचारल्याशिवाय कशाला हात न लावता. शेवटी सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं— त्याच्या रक्तातल्या साध्या टी-पेशींनी त्याला लहानपणी झालेला जंतू ओळखून झुबके केले होते. प्रथिन काढलेल्या मात्र ढिम्म!

"जमलं!" तिचे डोळे भरून आले. "सरांना आत्ताच दाखवते."

"आता तरी... ते ओतणं विसरशील?"

"मी टी-पेशीवाली आहे. डूख धरते. आयुष्यभर ऐकवणार तुला!"

"आयुष्यभर?" त्याचे कान लाल झाले. "चालेल. मला... तेच हवंय गं."

ठिणगी उसळलीच, "मग इतके दिवस मूग गिळून का बसला होतास?"

आणि रागारागानंच तिनं त्याचा हात धरला.