ड्राय रनवरची सही

"तुला शिकायचंच नव्हतं, वहिनी... नाहीतर पाचही प्रश्न कोरे कोण ठेवतं?"

पिंप भरता भरता वैदेही बोलून गेली, आणि भानुमतीच्या हातातला पाइप पिंपाबाहेर घसरला. नळाला पाचव्या दिवशी पाणी आलेलं... ते सांडू नये म्हणून तिनं पाइप तेवढा सावरला. डोळ्यांतलं पाणी मात्र सावरता आलं नाही!

बावीस वर्षं भानुमतीनं कॉलेजात संगणक शिकवला होता. लॅबमध्ये चारच मशिनं होती आणि वीज घटकेत यायची, घटकेत जायची, तेव्हापासूनचा तिचा नियम : प्रोग्रॅम आधी कागदावर लिहायचा, ओळ न् ओळ चालवून कुठं कोणती किंमत येते त्याचा तक्ता मांडायचा, म्हणजे ड्राय रन करायचा, आणि त्यावर बाईंची पेन्सिलीनं सही झाल्याशिवाय मशिनला हात लावायचा नाही. धाकटी नणंद वैदेही याच नियमात तिच्याकडे शिकली आणि पुढं तिच्याच शेजारच्या टेबलावर शिकवू लागली.

दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी पाचोडकडच्या खेड्यांतली पोरं यायची थांबली, वर्ग निम्मा झाला. इकडे शहर बायपासच्याही पलीकडे पसरत होतं आणि अभ्यासक्रमात प्रोग्रॅमिंगची नवी भाषा आली होती. संस्थेनं सांगून टाकलं, दोघींतली एकच जागा राहील आणि ती नव्या भाषेच्या परीक्षेवर ठरेल. भानुमतीची झोप उडाली, रक्तदाबाची गोळी सुरू झाली. पन्नाशीच्या उंबरठ्यावर तिनं पुन्हा पाटी-पेन्सिल घेतल्यासारखा अभ्यास केला... आणि तिला ते जमलं! हा आनंद तिनं कुणालाच सांगितला नाही.

परीक्षेला तिनं सवयीनं सगळं आधी कच्च्या कागदावर सोडवलं. मान वर केली, तर पुढं वैदेही घाम पुसत बसलेली. तिचा नवरा जाऊन तीन वर्षं झालेली, पोटची पोर हिमानी दहावीला... आपल्या घरात निदान आपल्या नवऱ्याचा, मुकुंदचा पगार तरी आहे! नोकरी देऊ केली असती तर मानी वैदेही ती कधीच घेणार नव्हती. भानुमतीनं काळजावर दगड ठेवून स्क्रीनवरची उत्तरपत्रिका कोरीच पाठवून दिली आणि कागद पर्समध्ये घातला.

जागा वैदेहीला मिळाली. मुकुंदनं कीव केली, "असू दे गं, आता आराम कर," म्हणाला. नणंदेच्या बोलण्याइतकंच तेही तिला लागलं. ती बजाजनगरच्या एका क्लासमध्ये टायपिंग शिकवायला जाऊ लागली.

दोन महिन्यांनी वैदेहीनं शिकवायला तिची जुनी वही मागितली. भानुमतीनं बेसावधपणे कपाट दाखवलं. वहीतून घडी घातलेला कागद पडला. परीक्षेतला इतका नेटका ड्राय रन फाडून टाकायचा भानुमतीला धीर झाला नव्हता, पर्समधून काढून तिनं तो वहीत जपून ठेवला होता. तिच्या हाताखाली शिकलेल्या वैदेहीनं तो तिथंच उभ्यानं वाचला, ओळीनं... वर तारीख परीक्षेचीच होती.

"वहिनी, पाचही बरोबर आहेत."

भानुमती पोळ्या लाटत राहिली.

"मी उद्या राजीनामा देते."

"दिलास तर दोन्ही जागा जातील, वैदू. मला थोडीच परत बोलावणार आहेत?"

"मी तुला काय काय बोलले..."

"बोललीस. लई लागलं मला," भानुमती म्हणाली, आणि इतक्या दिवसांचा बांध फुटला. दोघी ओट्याशी एकमेकींना धरून रडल्या.

मग वैदेहीनं डोळे पुसले, बॅगेतून दुसऱ्या दिवशीच्या तासाचा ड्राय रन काढला आणि पेन्सिल-खोडरबरासह तिच्यापुढं ठेवला. "हा तपास. तुझ्या सहीशिवाय मी वर्गावर जाणार नाही."

भानुमतीनं पिठाचा हात पदराला पुसला. एक चूक सापडली, ती दुरुस्त केली, सही केली... आणि बावीस वर्षांच्या सवयीनं सहीखाली 'संगणक विभाग' असंही लिहून गेली! लक्षात आलं तशी ती गडबडून खोडरबर शोधू लागली. तो वैदेहीनं केव्हाच मुठीत घट्ट धरला होता.