आधी आलेली दाद

आमच्या विद्यापीठाचं रेडिओ केंद्र विश्रामबागेत आहे. शास्त्रीय संगीत लावायचं, एवढंच त्याचं काम, आणि ते लावायचं काम माझं. मला स्वतःला गाता येत नाही. शाळेत प्रार्थनेच्या वेळी बाई मला नुसते ओठ हलवायला सांगायच्या. कान मात्र तयार आहे, आणि तोंडही त्यामुळे जरा फटकळ झालंय.

मनुबाई इस्लामपूरकडच्या. वय ऐंशीच्या पुढे, आवाज अजून खणखणीत. त्यांच्या गुरूंची तोडीतली एक बंदिश आता फक्त त्यांच्याच गळ्यात उरली होती, आणि तिच्या अंतऱ्याची शेवटची ओळच त्या विसरल्या होत्या. आम्ही दोन-तीनदा रेकॉर्डिंग करून पाहिलं. दर वेळी गाडी तिथंच अडली.

"माज्यासंगं ही जायला नगं गं, समीक्षा," त्या म्हणाल्या. "थेटच लाव. माघारी फिरायची सोय असली की मन पळतंय."

म्हणून रविवारी सकाळी थेट प्रक्षेपण ठेवलं.

स्टुडिओत मी पाटी लावली आहे, 'कृपया दाद देऊ नये.' माइक साधा खोकलासुद्धा टिपतो. मनुबाईंनी पाटी वाचली आणि नाक मुरडलं.

"मुक्यांच्या म्होरं गायाचं व्हय?"

मिरजेचे तबलजी सद्दामभाई गालातल्या गालात हसले. मनुबाईंनी तंबोरा मांडीवर घेतला. मी काचेच्या अलीकडे हेडफोन लावून बसले.

सूर असा लागला की मी हातातला चहा विसरले. मुखडा समेकडे निघाला आणि हेडफोनमध्ये कुणीतरी म्हणालं, "व्वा!"

मी काचेतून सद्दामभाईंकडे डोळे वटारले. त्यांनी ओठांवर ओठ घट्ट दाबून मान हलवली. आत ते दोघंच होते.

पुढच्या आवर्तनात पुन्हा तेच. पुरुषाचा आवाज, अगदी जवळचा, तोंडात पान असल्यासारखा. मी वायरी तपासल्या, जादाचा माइक बंद केला. आवाज हटला नाही. उलट मनुबाई खुलत गेल्या. ऐंशीची बाई विशीतल्या पोरीसारखी ताना घ्यायला लागली. खरं सांगते, मला इतका आनंद झाला होता की भीती वाटायचं राहूनच गेलं. मी मांडीवर ताल धरला.

ताल धरला म्हणूनच लक्षात आलं. दाद आधी येत होती. आधी "व्वा", आणि मग मनुबाई ती जागा घेत होत्या.

अंतरा सुरू झाला.

शेवटची ओळ आली. मनुबाई थांबल्या.

तबला एकटाच चालत राहिला. एक आवर्तन गेलं.

"आहाहा! क्या बात है!"

मनुबाई खुदकन हसल्या आणि ती ओळ गायल्या. अख्खी, शब्दांसकट, कधी विसरल्याच नव्हत्या अशी.

सद्दामभाई रडत वाजवत होते. मीही रडले. प्रक्षेपण संपायच्या आत फोन खणाणू लागला. वाईहून एक बाई ॲपवर ऐकत होत्या.

"गाणं तर सुंदरच, पण ते दाद देणारे गृहस्थ कोण हो? काय कान आहे त्यांना!"

प्रक्षेपण संपल्यावर मी मनुबाईंना हळूच विचारलं, "मावशी, तुमचे गेलेले यजमान असतील का?"

"आगं, त्यास्नी गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं!" त्या पोट धरून हसल्या. "कोन का असंना. दाद दिली की त्यानं, मग गायालाच लागतंय."

दोघं पेढे आणायला गेली. पुढच्या कार्यक्रमाची सूचना द्यायला मी आत जाऊन बसले. हेडफोन चढवला, माइक चालू केला.

"व्वा!"

मी अजून तोंडही उघडलं नव्हतं. आणि माझ्या गळ्यात, आयुष्यात पहिल्यांदाच, षड्ज लागत चालला होता.