मेलेल्या मुलीचं लॉगिन

ग्रंथालयाचं कुलूप निघतंय न निघतंय तोच फोन वाजला. ई-जर्नल पुरवणाऱ्या प्रकाशकाच्या कार्यालयातून होता.

"तुमच्या संस्थेचं सगळं वाचन आम्ही बंद केलंय. एक लॉगिन इतक्या भराभर लेख उघडतंय की ते माणसाचं वाटत नाही. कोण आहे ते कळवा, कारवाई करा, मगच सुरू करू."

ग्रंथपालबाईंनी लॉगिनवरचं नाव ऐकलं आणि खुर्चीत बसल्या. त्या संशोधक मुलीला जाऊन वर्ष होत आलं होतं. साध्या तापाचं निमित्त झालं आणि ती गेली. कार्यालयानं तिचं नाव कमी करायची तसदी घेतली नव्हती.

पासवर्ड विसरला की जो तो बाईंकडे धाव घेई, म्हणून विद्यार्थी त्यांना मागून पासवर्डबाई म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं आणि थोडं आवडतही होतं.

संस्थेतलं काम ठप्प झालं तसे त्या मुलीचे मार्गदर्शक सर तावातावानं आले.

"चोर घरातच आहे. पासवर्ड तिच्या मैत्रिणीला माहीत होता. मी त्या पोरीचा प्रबंध थांबवतोय. संस्थेतून काढूनच टाका तिला."

"आधी विचारू तरी द्या," बाई म्हणाल्या.

मैत्रीण आली ती रडवेली होऊनच.

"पासवर्ड माहीत होता तुला?"

"हो. एकाच टेबलावर बसायचो आम्ही."

"वापरलास?"

"मॅडम, माझं स्वतःचं लॉगिन आहे. तिचं नाव टाइप करायला हात तरी उठला असता का माझा?"

"आणखी कुणाला माहीत असेल?"

"तिच्या लॅपटॉपमध्ये साठवलेला असेल. तो काकूंकडे आहे, तिच्या आईकडे. पण त्यांना यातलं काय कळणार? त्या पोस्टात पत्रं वेगळी करायच्या कामाला आहेत. पत्ते वाचण्यापुरतं इंग्रजी येतं त्यांना."

बाईंनी लॉगिनच्या नोंदी उघडल्या आणि चक्रावल्या. सगळे लेख एकाच जर्नलमधले होते. त्यात त्या मुलीचा एकुलता एक लेख छापून आला होता, पाण्यातलं शिसं शोषून घेणाऱ्या मातीवरचा. त्याच्या आधीच्या एकाही अंकाला कुणी हात लावला नव्हता. नंतरच्या अंकांतला मात्र प्रत्येक लेख उघडला होता, पण उतरवून एकही घेतलेला नव्हता. प्रत्येक वेळी फक्त संदर्भसूची उघडायची, क्षणभर थांबायचं आणि पुढे जायचं. एकच लेख परत परत, बराच वेळ उघडा राहिला होता.

तो सरांचा होता.

"बघा, चोरालाही चांगल्या संशोधनाची पारख आहे!" सर हसले. बाईंना हसू आलं नाही. संस्थेच्या लेखांच्या छापील प्रतींतून त्यांनी त्या मुलीचा आणि सरांचा लेख काढून शेवटपर्यंत वाचला. मग पर्स उचलली आणि पोस्टात गेल्या.

आत लाकडी खणांची रांग होती. मुलीची आई तिथे उभी होती. पाकिटावर नजर टाकायची, पाकीट खणात. पुन्हा नजर, पुन्हा खण. डोळ्याचं पातं लवायच्या आत एकेक पत्र जागेवर जात होतं.

"ताई, दुपारी ग्रंथालयात याल? तुमच्या मुलीच्या लॉगिनबद्दल बोलायचंय."

आईचे हात थांबले. "येते," ती हळूच म्हणाली.

दुपारी चौघं बाईंच्या खोलीत बसली. दार लावून घेतलं.

"हे यंत्र नव्हतं," बाई म्हणाल्या. "यंत्रानं लेख उतरवून घेतले असते. चोरानंही घेतले असते. इथे कुणीतरी फक्त संदर्भ बघत होतं. आधीच्या अंकांत बघायचं कारण नव्हतं, कारण तेव्हा तिचा लेख आलाच नव्हता. या माणसाला एकच गोष्ट हवी होती. कुणी आपल्या लेखात तिच्या कामाचा उल्लेख केलाय का?"

"मग ही मैत्रीणच!" सर म्हणाले.

"नाही सर. संशोधन करणाऱ्याला माहीत असतं की लेखाखालचं एक बटण दाबलं, की त्याचा उल्लेख कुठे कुठे झालाय ते समोर येतं. हिनं तेच केलं असतं. एकेक सूची डोळ्यांखालून घालणारा माणूस या धंद्यातला नाही. पण नावं झरझर वाचणं हा त्याच्या हातचा मळ आहे."

मैत्रिणीनं वळून पाहिलं. "काकू?"

आईनं होकारार्थी मान हलवली. "ती म्हणायची, आई, कुणीतरी आपल्या कामात माझं नाव लिहिलं ना, की माझं काम पुढे चाललं असं समज. नाव कुठे बघायचं तेही दाखवलं होतं तिनं. मला वाटलं, बघत राहावं. यानं सगळ्यांचं बंद पडेल हे नव्हतं हो ठाऊक. या पोरीला काही करू नका."

"तिला काही होणार नाही. प्रकाशकाशी मी बोलते," बाई म्हणाल्या. मग त्या सरांकडे वळल्या. "चोरीचं म्हणत होतात ना? त्याच मातीवर तुमचा लेख आहे. तिचीच पद्धत, तिचेच आकडे. आणि सूचीत ती कुठेच नाही."

सरांचा चेहरा पडला. "ते... मूळ काम प्रयोगशाळेचं असतं. आणि ती तर आता..."

वाक्य त्यांनीच अर्धवट सोडलं. मैत्रीण तोंडावर हात दाबून रडत होती.

"हे मी आजच जर्नलच्या संपादकांना लिहिणार आहे," बाई म्हणाल्या.

आईचं तिकडे लक्षच नव्हतं. ती सरांकडे बघत होती. तिच्या नजरेत राग नव्हता आणि तेच बघवत नव्हतं.

"म्हणजे नाव खरंच नव्हतं?" तिनं विचारलं. "मला वाटलं, सर तिला कसे विसरतील? माझंच इंग्रजी कच्चं, माझ्याच नजरेतून सुटत असेल. म्हणून रोज परत उघडत होते."