तांदळातलं आडनाव

धुकं एवढं दाट, की निपाणीच्या स्टँडवरची मोटारही जवळ गेल्याशिवाय दिसेना. हवेत तंबाखूच्या वखारींचा वास. एजंटानं विचारलं, “नाव काय, आक्का?”

“पद्मजा सदलगेकर. मला बेळ—”

“बसा की मग! सुटतीय बगा.”

मी बसले. तोच मागं उभं राहून आमचं बोलणं ऐकलेल्या एका उंच गृहस्थांनी काचेवर टकटक केलं. “अहो, ही मोटार सदलग्याला चाललीय. तुम्हांला बेळगावला जायचंय ना?”

अगं बाई! नुसतं आडनाव ऐकून त्या शहाण्यानं मला सदलग्याला धाडलं होतं. माझा असा संताप झाला! तणतणत ट्रंकेसकट उतरले.

“आणि आपण?”

“उपेंद्र उचगावकर.” ते हसले. “माझं नशीब… इथून उचगावला मोटार जात नाही!”

मलाही हसू फुटलं. त्यांनाही बेळगावलाच जायचं होतं; गप्पांत ते कधी आलं, कळलंच नाही.

ते वकिली करायचे, मी मुलींच्या शाळेत शिकवायचे. मग दर रविवारी किल्ल्याच्या तळ्याकाठी आम्ही ‘योगायोगानं’ भेटू लागलो. एका संध्याकाळी, पाणी गुलाबी झालं असताना, त्यांनी विचारलंच… माझा जीव तर केव्हाच जडला होता. तरी मी मान हलवली नाही.

“माझे वडील, दादा, गेले. भाऊ नाही. हे आडनाव लावणारी मी एकटी. लग्नात तुम्ही ताटातल्या तांदळात अंगठीनं माझं नवं नाव लिहिणार, आणि दादांचं नाव तिथंच संपणार. मला नाही चालायचं.”

“नाही लिहिणार. पण आईला… सांगतो हं.”

“कधी?”

“सांगतो…”

वकील कसले! कोर्टात गर्जायचे आणि आईपुढे मांजर. लग्नाचा दिवस उजाडला, तरी त्यांचं ‘सांगतो’ संपलं नव्हतं. मी मनाशी ठरवून टाकलं, दुसरं काही लिहिलं तर सगळ्यांदेखत तांदूळ विस्कटून टाकायचे!

लक्ष्मीपूजनाला ताट आलं. सासूबाई, यशोदाबाई, म्हणाल्या, “उमा लिही रे. उमा उचगावकर.”

उपेंद्रांनी अंगठी टेकवली. लिहिलं… ‘पद्मजा’. थांबले. कानशिलं लाल झाली होती. मग अंगठी माझ्या तळहातावर ठेवून म्हणाले, “पुढचं तुझं तू लिही.”

मी लिहिलं. ‘सदलगेकर.’

सासूबाईंनी ताट जवळ ओढलं. आता काय होतंय, म्हणून मी अंगठी घट्ट धरली.

“मी गुणा होते,” त्या हळूच म्हणाल्या. “बेनाडीकरांची गुणा. मला कुणी विचारलंच नाही गं…”

माझे डोळे भरून आले. मी अंगठी त्यांच्यापुढे धरली. “ताटात जागा आहे, आई.”

“चल, काहीतरीच!” म्हणाल्या खऱ्या, पण पदर सावरून वाकल्या आणि माझ्या नावाखाली सावकाश लिहू लागल्या.

शेल्याआड उपेंद्रांच्या बोटांनी माझी बोटं शोधली.

“घाबरलो होतो गं,” ते कुजबुजले.

“माहीत आहे,” मी म्हटलं. “म्हणून तर जास्तच आवडलात.”